सॉफ्टवेअरचं मॅन्युअल: ऑनलाइन बघायचं की डाउनलोड करून ठेवायचं?



परवाच्या बॅचमध्ये प्लायवूडचं दुकान असलेल्या एका काकांनी विचारलं, "मॅडम, या सॉफ्टवेअरची माहिती नेटवर बघायची की पीडीएफ डाउनलोड करून ठेवायची? एकच काय ते सांगा. दोन्ही करायला वेळ नाही."

मी म्हणाले, "ते अवलंबून आहे." काकांचं तोंड वाकडं झालं, आणि बरोबरच होतं. पैसे भरून क्लासला आलेल्या माणसाला "अवलंबून आहे" हे उत्तर देऊन चालत नाही. व्हिडिओच्या दहा मिनिटांत हा विषय बसणार नव्हता, म्हणून इथे नीट लिहिते.

आधी उत्तर सांगते, मग कारणं. आपल्यासारख्या छोट्या दुकानदाराने आपल्या मशीनवर जे व्हर्जन चालू आहे, त्याचं मॅन्युअल डाउनलोड करून ठेवावं आणि त्यातली चार कामांची पानं कागदावर काढून ठेवावीत. टॅक्सचे दर, कायद्यातल्या मर्यादा, तारखा मात्र डाउनलोड केलेल्या फाइलमधून कधीच घेऊ नयेत. त्या दर वेळी ऑनलाइन बघाव्यात.

एवढंच वाचून टॅब बंद केलात तरी चालेल. पण या मतापर्यंत मी दोनदा हात पोळून आले आहे, ते वाचलंत तर तुमचे पोळणार नाहीत.

माझ्या दुकानात काय झालं

माझं स्टेशनरीचं दुकान. आमचा वर्षाचा सगळा जीव जून महिन्यात असतो. शाळा उघडायच्या आठवड्यात काउंटरवर पालकांची रांग लागते, वह्यांचे गठ्ठे फुटतात, चार शाळांचे सेट उधारीवर जातात. अशाच एका शनिवारी संध्याकाळी बिलिंगच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली.

मी घाबरले नाही. बॅकअप होता ना पेन ड्राइव्हवर! दर दोन-चार दिवसांनी घ्यायचे. कॉम्प्युटरवाल्या दादांनी रात्री नवी डिस्क बसवली, सॉफ्टवेअर टाकून दिलं आणि ते निघून गेले. आता फक्त बॅकअप परत भरायचा होता.

तो कसा भरायचा, हे मला माहीत नव्हतं. बॅकअप शंभर वेळा घेतला होता, रिस्टोअर एकदाही केला नव्हता. मॅन्युअलची पीडीएफ माझ्याकडे होती. कुठे? डेस्कटॉपवर. म्हणजे त्याच मेलेल्या डिस्कवर.

मग मोबाइलवर कंपनीची ऑनलाइन हेल्प उघडली. ती नव्या, क्लाउडवाल्या व्हर्जनची होती. "सेटिंग्जमध्ये जा, डेटा निवडा, रिस्टोअर दाबा" असं लिहिलेलं. माझ्या स्क्रीनवर ते सेटिंग्जच नव्हतं. हेल्पलाइन सोमवारी सकाळी दहाला उघडणार होती आणि रविवारी दुकानात जत्रा असणार होती.

शेवटी अंदाजाने केलं. पेन ड्राइव्हवर दोन फोल्डर होते. त्यातला जुना निवडला गेला. सॉफ्टवेअरने एकदा विचारलं, मी एंटर मारलं. रविवारी दिवसभर त्याच डेटावर बिलं केली. संध्याकाळी उधारीचं खातं उघडल्यावर कळलं की मधल्या अकरा दिवसांच्या नोंदीच नाहीत. तोपर्यंत मी नवा बॅकअपही घेऊन बसले होते, तोही त्याच पेन ड्राइव्हवर, चांगल्या फोल्डरच्या डोक्यावर.

पावत्यांच्या कार्बन प्रती, शाळांचे शिपाई, ओळखीचे पालक, सगळीकडे विचारत दोन आठवडे फिरले. बऱ्याच लोकांनी स्वतःहून आकडा सांगितला. काहींनी सांगितला नाही, आणि मला विचारायचं तोंड नव्हतं, कारण पुरावाच नव्हता.

नंतर जुन्या सीडीवर ते मॅन्युअल सापडलं. रिस्टोअरच्या पानावर पहिलीच सूचना होती: आधी बॅकअपची तारीख तपासा, आधीचा डेटा दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा, मगच पुढे जा. अर्धं पान होतं ते. ते माझ्या हातात असतं तर काम पंधरा मिनिटांचं होतं.

यात गंमत बघा. माझ्याकडे ऑनलाइनही होतं आणि डाउनलोडही होतं, तरी वेळेला दोन्ही उपयोगी पडलं नाही. ऑनलाइन माझ्या व्हर्जनचं नव्हतं आणि डाउनलोड केलेलं चुकीच्या जागी होतं. तेव्हापासून मी "कोणतं चांगलं" हा प्रश्न सोडला. आता मी विचारते, "हे पान मला नेमकं कधी लागणार आहे, आणि त्या वेळी ते माझ्या हातात असेल का?"

"नेट नसेल तर?" हे कारण आता पुरत नाही

डाउनलोडच्या बाजूने बोलणारे सगळे आधी हेच सांगतात: नेट गेलं तर? खरं सांगू का, हे कारण आता दुबळं झालंय. ब्रॉडबँड गेलं तर मोबाइलचा हॉटस्पॉट आहे. लाइट गेली तर कॉम्प्युटरच बंद, मग मॅन्युअल वाचून करणार काय? पावसाळ्यात कोकणात किंवा घाटमाथ्यावर दोन-दोन दिवस टॉवर बंद असतो, तिथल्या लोकांना हे कारण अजून लागू आहे. बाकीच्यांसाठी खरी कारणं वेगळी आहेत.

पहिलं कारण व्हर्जनचं.

ऑनलाइन हेल्प बहुतेक वेळा चालू, ताज्या व्हर्जनची असते. कंपनीच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण आपण दुकानदार लोक ताज्या व्हर्जनवर असतोच असं नाही. "चालतंय ना, कशाला हात लावायचा," हा आपला स्वभाव.

टॅलीचं उदाहरण घ्या, कारण ते बहुतेकांना माहीत आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये टॅली प्राइम आलं. त्याआधी टॅली ईआरपी ९ होतं. ईआरपी ९ मध्ये नवीन लेजर उघडायचं तर अकाउंट्स इन्फो, मग लेजर्स, मग क्रिएट असा रस्ता होता. प्राइममध्ये थेट क्रिएट आणि मग लेजर. ईआरपी ९ मध्ये रिस्टोअरसाठी अल्ट आणि एफ३ दाबून कंपनी इन्फोमध्ये जायचो. प्राइममध्ये डेटाचा मेनू अल्ट आणि वाय वर आहे, आणि अल्ट-एफ३ दाबलं तर कंपनी निवडायची स्क्रीन येते. म्हणजे जुन्या वहीत लिहिलेली बटणं नव्या व्हर्जनवर दाबलीत तर भलतीकडेच जाल. उलट, तुमच्याकडे अजून जुनं व्हर्जन असेल आणि तुम्ही नव्याची हेल्प वाचत असाल तर तीच गत.

प्राइम सोपं झालंय, मी स्वतः तेच शिकवते. पण ज्या मुलीने क्लासमध्ये ईआरपी ९ च्या नोट्स काढल्या आणि आता ती प्राइमवाल्या ऑफिसात नोकरीला लागली, तिला पहिला आठवडा रडवणारी गोष्ट हीच असते. तिला हिशोब येतो, पण हातातला नकाशा दुसऱ्या गावाचा असतो.

दुसरं कारण, पान नाहीसं होणं. ऑनलाइन पान कंपनीच्या मालकीचं. ती ते बदलू शकते, हलवू शकते, काढून टाकू शकते. छोट्या कंपन्या तर कधी कधी धंदाच गुंडाळतात. माझ्या ओळखीतल्या एका मेडिकलवाल्यांचं सॉफ्टवेअर अजून उत्तम चालतं, पण ते बनवणाऱ्यांची वेबसाइट एक दिवस उघडेनाशी झाली. सोबत सगळी हेल्प गेली. सॉफ्टवेअर दुकानात, मॅन्युअल हवेत. अशा वेळी वेबॅक मशीन नावाची साइट आहे, तिथे जुन्या वेबसाइटच्या प्रती साठवलेल्या असतात. तिथे पत्ता टाकून बघा, नशीब असेल तर सापडतं. पण नशिबावर किती दिवस दुकान चालवायचं?

डाउनलोड केलेली फाइल कुठे नडते

आता दुसरी बाजू. यात चूक पूर्णपणे माझी होती.

जानेवारी २०२३ मध्ये मी क्लाससाठी ई-इनव्हॉइसवर सहा पानांची सुंदर पीडीएफ बनवली. रंगीत चौकटी, स्क्रीनशॉट, सगळं. त्यात मर्यादा लिहिली होती १० कोटींची. तेव्हा ते बरोबर होतं. १ ऑक्टोबर २०२२ पासून १० कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना ई-इनव्हॉइस लागू होतं.

मग १ ऑगस्ट २०२३ पासून ती मर्यादा ५ कोटींवर आली. मी व्हिडिओ केला, सांगितलं. पण पीडीएफ? ती आधीच शेकडो मोबाइलमध्ये पोचली होती. तिथे ती तशीच राहिली.

ऑक्टोबरमध्ये क्लासच्या जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. होलसेलचा धंदा, उलाढाल सहा कोटींच्या वर. त्यांच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाने बिलं परत पाठवली होती: यावर आयआरएन नाही, क्यूआर कोड नाही, आम्हाला क्रेडिट कसं मिळणार? त्यांनी मला विचारलं, "मॅडम, तुमच्या पीडीएफमध्ये तर १० कोटी लिहिलंय ना?"

काय बोलणार? ज्याला ई-इनव्हॉइस लागू आहे त्याने ते न करता दिलेलं बिल नियमाप्रमाणे बिलच धरलं जात नाही. अडीच महिन्यांची बिलं सीएकडे बसून निस्तरावी लागली. गिऱ्हाइक टिकलं, पण त्या माणसाची झोप गेली, आणि थोडी माझीही.

ही मर्यादा किती वेळा बदलली बघा. ऑक्टोबर २०२० ला ५०० कोटी, जानेवारी २०२१ ला १००, एप्रिल २०२१ ला ५०, एप्रिल २०२२ ला २०, ऑक्टोबर २०२२ ला १०, ऑगस्ट २०२३ ला ५. तीन वर्षांत सहा आकडे. यातली कुठलीही पीडीएफ आज कुणाच्या तरी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असेल, आणि ती उघडली की तितकीच नवीकोरी दिसेल. कागद निदान पिवळा पडतो. पीडीएफ शिळी झालेली दिसत नाही.

दरांचंही तेच. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले. माझ्याच दुकानात वही १२ टक्क्यांवरून शून्यावर आली, कंपासपेटी १२ वरून ५ वर. आदल्या दिवशी बरोबर असलेला दरांचा तक्ता सकाळी रद्दी झाला. काउंटरमागे भिंतीवर लॅमिनेशन करून लावलेला तक्ता मी त्या दिवशी स्वतः काढला आणि परत तिथे कधीही तक्ता लावला नाही. दर बघायचा तर जीएसटी पोर्टल किंवा सीबीआयसीची साइट.

म्हणून मी सरळ दोन भाग करते. सॉफ्टवेअर कसं चालवायचं, ही माहिती तुम्ही सॉफ्टवेअर बदलेपर्यंत तशीच राहते. ती डाउनलोड करा. सरकारला काय हवं आहे, ही माहिती तुम्हाला न विचारता बदलते. ती ऑनलाइन बघा, आणि सीएला विचारून खात्री करा. गोंधळ होतो कारण सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलमध्ये दोन्ही एकत्र असतात. बिल कसं बनवायचं हे शिकवताना ते १८ टक्क्यांचं उदाहरण घेतात आणि आपण तोच आकडा उचलतो. रस्ता घ्या, आकडा घेऊ नका.

जुन्या हिशोबाला जुनं मॅन्युअल लागतं

आणखी एक मुद्दा, जो मला कुणी शिकवला नाही, सीएंशी बोलताना कळला.

जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशोबाची पुस्तकं त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपायची असतात. म्हणजे २०२२-२३ चा हिशोब घ्या. त्याच्या वार्षिक रिटर्नची मुदत ३१ डिसेंबर २०२३ होती. तिथून सहा वर्षं, म्हणजे ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत तो डेटा तुमच्याकडे पाहिजे. अपील किंवा चौकशी चालू असेल तर त्याहून जास्त.

डेटा जपणं म्हणजे नुसता पेन ड्राइव्ह कपाटात ठेवणं नाही. नोटीस आली तर तो उघडता आला पाहिजे. मधल्या काळात तुम्ही सॉफ्टवेअर बदललं असेल. जुनं सॉफ्टवेअर परत टाकायचं, लायसन्स चालू करायचं, बॅकअप भरायचा, रिपोर्ट काढायचा, हे सगळं २०२९ मध्ये कोणती ऑनलाइन हेल्प सांगेल? म्हणून सॉफ्टवेअर बदलताना जुन्याची सेटअप फाइल, लायसन्सची माहिती, शेवटचा बॅकअप आणि मॅन्युअल हे चारही एकाच फोल्डरमध्ये ठेवा. मॅन्युअल हा हिशोबाचाच भाग समजा.

ऑनलाइनचे फायदे मी नाकारत नाही

एकतर्फी बोलायचं नाही, म्हणून हेही सांगते.

मोबाइलवर ए-फोर आकाराची पीडीएफ वाचणं म्हणजे शिक्षा. डावीकडे सरकवा, उजवीकडे सरकवा. वेबपेज मोबाइलच्या रुंदीत बसतं. काउंटरवर उभ्या उभ्या एक गोष्ट बघायची असेल तर ऑनलाइनच बरं.

दुसरं, भाषांतर. माझ्या दुकानातल्या ताईंना इंग्रजी वाचायला जड जातं. ऑनलाइन पान ब्राउझरमध्ये मराठीत करता येतं. पण एक धोका लक्षात ठेवा: भाषांतर मेनूच्या नावांचंही होतं. पानावर "तयार करा" लिहून येतं आणि स्क्रीनवर "क्रिएट" असतं. ताई दहा मिनिटं "तयार करा" शोधत बसल्या होत्या. म्हणून समजून घ्यायला मराठी वाचा, बटण शोधताना मूळ पान बघा.

तिसरं, चुका दुरुस्त होतात. मॅन्युअलमध्येही चुका असतात. ऑनलाइन पानावर त्या सुधारल्या जातात, डाउनलोड केलेल्या प्रतीत त्या कायम राहतात.

"मॅडम, आता एआयलाच विचारतो," असंही बरेच जण म्हणतात. विचारा की, मीही विचारते. पण ते उत्तर अनेकदा दोन-तीन व्हर्जनची खिचडी असतं. प्रश्नात व्हर्जन लिहा, आणि उत्तर आलं की ते आपल्या मॅन्युअलच्या पानाशी ताडून बघा. डेटा पुसला जाऊ शकतो अशा कामात तर हे केल्याशिवाय एंटर मारू नका.

मी आता काय करते

१. व्हर्जन लिहून ठेवते. सॉफ्टवेअरच्या "अबाउट" किंवा हेल्पच्या स्क्रीनवर व्हर्जनचा आकडा असतो. तो कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर चिठ्ठी करून चिकटवलाय. बाकी सगळं या आकड्यावर चालतं.

२. त्या व्हर्जनचं मॅन्युअल घेते. काही ठिकाणी ते सहज मिळतं. लिबरऑफिस वापरत असाल तर त्यांची रायटर, कॅल्कची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात, वर व्हर्जन छापलेलं असतं, आणि त्यांच्या लायसन्समध्ये प्रती काढून वाटायलाही परवानगी आहे. त्यांची एफ१ ची हेल्प ऑफलाइन हवी असेल तर विंडोजवर ती वेगळी डाउनलोड करून टाकावी लागते, नाहीतर एफ१ दाबलं की ब्राउझर उघडतो. बाकी कंपन्यांची मॅन्युअल आपल्यापुरती ठेवा, ग्रुपवर वाटत सुटू नका.

३. पीडीएफ मिळत नसेल तर पान स्वतः जपते. क्रोममध्ये कंट्रोल आणि पी दाबा, प्रिंटरच्या जागी "सेव्ह अ‍ॅज पीडीएफ" निवडा. "हेडर्स अँड फूटर्स" ला टिक करा, म्हणजे पानावर तारीख आणि वेबपत्ता आपोआप येतो. पानावर दाबल्यावर उघडणारे भाग असतील तर ते आधी उघडून घ्या, नाहीतर पीडीएफमध्ये नुसती शीर्षकं येतात. पानातला व्हिडिओ यात येत नाही, म्हणून त्यातल्या पायऱ्या हाताने लिहा. सगळी साइट उतरवत बसू नका. जे काम महिन्यातून एकदा तरी करता किंवा जे अडल्यावर दुकान थांबेल, तेवढीच पानं.

४. नावात सगळं लिहिते. सॉफ्टवेअरचं नाव, व्हर्जन, विषय, तारीख. "न्यू मॅन्युअल फायनल २" असं नाव असलेली फाइल माझ्याकडेही होती, म्हणून सांगते.

५. तीन ठिकाणी ठेवते. कॉम्प्युटरवर, बॅकअपच्या पेन ड्राइव्हवर आणि माझ्या मोबाइलमध्ये. बॅकअप आणि तो परत भरायची पद्धत एकाच पेन ड्राइव्हवर पाहिजे.

६. चार पानं कागदावर. काउंटरखाली लाल फाइल आहे. त्यात फक्त हे: बॅकअप कसा भरायचा; सॉफ्टवेअर नव्या मशीनवर टाकून लायसन्स कसं चालू करायचं; १ एप्रिलला नवं वर्ष आणि बिलांचे नवे नंबर कसे सुरू करायचे; चुकलेल्या बिलाची क्रेडिट नोट कशी करायची. शेवटी हेल्पलाइनचा नंबर आणि त्यांची वेळ. पासवर्ड त्यात लिहायचा नाही.

७. वर्षातून एकदा सराव. मार्चचा गोंधळ संपला की एप्रिलमध्ये एका रविवारी घरच्या लॅपटॉपवर बॅकअप भरून बघते. लाल फाइल हातात घेऊन, आणि मी नाही, ताई करतात. त्या जिथे अडतात तिथे पानावर पेनने लिहितो. कंपनीचं मॅन्युअल त्यामुळे आमचं मॅन्युअल होतं.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. एक, मॅन्युअल फक्त कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून घ्या. "फ्री फुल मॅन्युअल डाउनलोड" म्हणणाऱ्या भलत्या साइटवरून नाही. विंडोज फाइलचं शेवटचं नाव लपवून ठेवतं, त्यामुळे पीडीएफ वाटणारी फाइल खरं म्हणजे चालणारा प्रोग्रॅम असू शकते. दोन, जुन्या सॉफ्टवेअरची हेल्प कधी सीएचएम फाइलमध्ये येते. डाउनलोड करून उघडली की उजवीकडचं पान कोरं दिसतं. फाइल बिघडलेली नसते, विंडोजने अडवलेली असते. फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली "अनब्लॉक" ला टिक. कंपनीच्या साइटवरूनच आलेली असेल तरच हे करा.

विकत घेण्याआधी हे विचारा

आपण सॉफ्टवेअर घेताना किंमत विचारतो, एएमसी विचारतो, "मराठीत बिल निघतं का" विचारतो. मॅन्युअलबद्दल कुणी विचारत नाही. माझं मत स्पष्ट आहे: विकणाऱ्याला तीन प्रश्न विचाराच. माझ्या व्हर्जनचं मॅन्युअल डाउनलोड करता येतं का? नवं व्हर्जन आलं तरी जुन्याची हेल्प साइटवर ठेवता का? आणि रिस्टोअर कसं करायचं, ते आत्ता माझ्यासमोर मॅन्युअलमध्ये बघून करून दाखवता का?

"मॅडम, तसं काही लागत नाही, आम्ही आहोत ना फोनवर" हे उत्तर आलं तर मी दुसरं सॉफ्टवेअर बघते. ते फोनवर असतात, यावर माझा विश्वास आहे. पण शनिवारी रात्री साडेनऊला नसतात.

आता कुणी म्हणेल, पूर्ण ऑनलाइन सॉफ्टवेअर असेल, म्हणजे ब्राउझरमध्येच चालणारं, तर मॅन्युअल डाउनलोड करून काय उपयोग? तिथे व्हर्जन रोज बदलतं, त्यामुळे हेल्पही ऑनलाइनच बघावी. मान्य. तिथे मी फक्त एकच पान जपते: माझा सगळा डेटा एक्सेलमध्ये बाहेर कसा काढायचा. ते काम दर महिन्याला करते. बाकी त्यांचं त्यांनी बघावं.

आणि हो, हे सगळं माझ्या व्हिडिओंनाही लागू आहे. व्हिडिओ म्हणजे मॅन्युअलच, फक्त बोलणारं. त्या होलसेलवाल्यांच्या फोननंतर मी प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला व्हर्जन आणि तारीख मोठ्या अक्षरात टाकते. क्लासच्या पीडीएफमध्ये टॅक्सचा एकही आकडा ठेवत नाही, तिथे फक्त "पोर्टलवर बघा" असं लिहिते. माझा २०२१ चा व्हिडिओ बघून २०२६ चं काम करत असाल तर कृपया थांबा आणि तारीख बघा.

प्लायवूडवाल्या काकांसाठी शेवटी एकच काम सांगते. दोन्ही करायला वेळ नाही म्हणालात ना? मग आज दुकान बंद करताना दहा मिनिटं काढा. तुमच्या सॉफ्टवेअरचं व्हर्जन बघा आणि फक्त रिस्टोअरचं पान शोधून त्याची प्रिंट काढा. एक पान, दोन-तीन रुपये. गल्ल्याखाली ठेवा. बाकीचं पुढच्या रविवारी करू.